चौसाळ्याचा फ्लेक्स आणि तुमच्या बाबांचा बँड

माया आणि लिओ,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर लिओने मला विचारलं, "आज्जी, बाबांनी त्या माणसाला खरंच पाठिंबा दिला का?" मी उत्तर द्यायच्या आत तुमच्या आईने कॅमेरा स्वतःकडे वळवला आणि बीडला ऊन किती आहे ते विचारलं. मी ऊन किती आहे ते सांगितलं. फोन ठेवला आणि माझं डोकं तापलं, ते अजून तापलेलंच आहे. म्हणून लिहायला बसले.

शाळेत कुणीतरी लिओला तो फोटो दाखवला, असं आईने नंतर सांगितलं. गुलाबी फेटे बांधलेले तुमचे बाबा, शॅरन आणि मिक हसत उभे आहेत आणि मागे एका पुढाऱ्याचा खोलीएवढा चेहरा आहे. "तुझ्या बाबांचा बँड विकला गेला," असं तो मुलगा म्हणाला म्हणे.

या फोटोबद्दल खुलासा करायचा नाही, असं बँडने ठरवलं आहे. शॅरनचं म्हणणं, ज्यांना इतक्या वर्षांत आम्ही कळलो नाही त्यांना एका कागदाने कळणार नाही. ठीक आहे, तो त्यांचा निर्णय. मी त्या बँडमध्ये नाही. मला ड्रम येत नाही, गिटार येत नाही, आणि गप्प बसणंही येत नाही. त्या सगळ्या प्रवासात मी त्यांच्याबरोबर होते. जे झालं ते क्रमाने सांगते.

मराठीत लिहिते आहे, कारण बीडच्या कॉलेजात जन्मभर इंग्रजी शिकवून माझी इंग्रजी फार सभ्य झाली आहे. रागवायला मला मराठीच लागते. अडेल तिथे आईला विचारा. शॅरनच्या बोलण्यातला दर दुसरा शब्द मी गाळला आहे. तो तुम्हाला माहीत आहेच.

संभाजीनगर ते बीड

तुमची शाळा नुकतीच सुरू झाली होती, म्हणून तुम्ही दोघं आणि आई आला नाहीत. जपानमध्ये लहानसहान कार्यक्रम करून तिघं वाट वाकडी करून इकडे आले. भाड्याची क्रूझर घेऊन मी विमानतळावर गेले. बाबा आले ते सरळ माझ्या पाया पडले. ते पाहून शॅरन वाकली, मग मिक वाकला आणि तसाच राहिला. त्याचे गुडघे धरतात. शॅरनने आणि मी मिळून त्याला उभा केला.

"प्लंबर आहे मी," तो म्हणाला. "लोकांच्या ओट्यांखाली आयुष्य गेलं."

मिक गातो आणि गिटार वाजवतो. शॅरन बेस गिटार वाजवते आणि पोटासाठी ट्रॅम चालवते. क्रूझरमध्ये ती ड्रायव्हरशेजारी बसली आणि समोरून ट्रक अंगावर आला की पायाखालचा नसलेला ब्रेक दाबत राहिली. मी मागे बसून गेवराई येईपर्यंत त्यांची उलटतपासणी घेतली. जावई झाल्यापासून तुमच्या बाबांचा बँड आहे हे मला ठाऊक होतं. काय आहे हे मात्र कधी नीट विचारलं नव्हतं.

तिकडे ऑस्ट्रेलियात, समुद्राकाठच्या एका पोलाद कारखान्याच्या गावात हे तिघं वाढले. कारखान्यातून माणसं काढायला सुरुवात झाली तेव्हा तिघांचेही वडील घरी बसले. घरोघरी भांडणं. ही पोरं मागच्या शेडमध्ये जाऊन त्या भांडणांपेक्षा मोठा आवाज करायला लागली. ड्रमला पैसे नव्हते. बाबा पोचे आलेल्या एका बादलीवर वाजवायचे, म्हणून नाव पडलं डेंटेड बकेट.

"पण पंक म्हणजे नक्की काय?" मी विचारलं.

"तीन सूर," शॅरन पुढून म्हणाली, "आणि परवानगी न मागणं."

त्यांची पहिली कॅसेट एका खाटकाच्या शीतखोलीत ध्वनिमुद्रित झाली, कारण तिथल्या भिंती जाड होत्या. मिकचे दात वाजलेले त्यात ऐकू येतात म्हणे. कॅसेटच्या प्रती त्यांनीच काढल्या, वेष्टनं त्यांनीच चिकटवली, कार्यक्रमानंतर टेबल मांडून त्यांनीच विकल्या. आजही तसंच चालतं. एकदा एका मोठ्या कंपनीने बोलावलं होतं. काचेचं ऑफिस, आणि अट अशी की गाणी कंपनीच्या मालकीची आणि कुठे वाजवायचं तेही कंपनी ठरवणार. मिकने हो म्हटलं. तुमच्या बाबांनीही हो म्हटलं होतं, हे त्यांनी मला स्वतः सांगितलं. शॅरन नाही म्हणाली. बँडचा नियम असा की कुठलीही गोष्ट तिघांचं हो असेल तरच होते. विषय तिथे संपला.

"मिक, तुला राग नाही आला?"

"अजून येतो," मिक म्हणाला, आणि तिघंही हसले.

एका पबमध्ये बिअर कंपनीने त्यांच्या पाठीमागे आपलं कापड टांगलं. यांनी ते उलटं केलं आणि त्या पबने कामावरून काढून टाकलेल्या बायकांची नावं त्यावर रंगाने लिहून मग वाजवलं. गोदी कामगारांचा संप होता तिथे वाजवलं, बंद पडलेल्या पोहण्याच्या तलावात उतरून वाजवलं. मग पब बंद पडायला लागले. कुठे स्टेज काढून जुगाराची यंत्रं बसवली, कुठे शेजारी उंच इमारती झाल्या आणि तिथे राहायला आलेल्यांनी आवाजाच्या तक्रारी केल्या. यांच्या दोन गाड्या मेल्या, मिकचा संसार मोडला, तुम्ही दोघं जन्माला आलात. बँड चालू राहिला.

मला सगळ्यात आवडली ती त्यांची खळ. कार्यक्रमाची पोस्टरं ते स्वतःच भिंतींवर चिकटवतात, आणि त्यासाठी शॅरन मैद्याची खळ शिजवते. अगदी आपल्या गणेश मंडळाची पोरं करायची तशी. "आमचं पोस्टर दुसऱ्या कुणी कधी केलं नाही," ती म्हणाली. तक्रार नव्हती ती, माहिती होती. हे वाक्य लक्षात ठेवा.

बीड

बीडमध्ये शिरलो तर चौकात कुणाच्या तरी वाढदिवसाची मिरवणूक. ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर, त्याला आपल्याकडे डीजे म्हणतात. क्रूझरच्या काचा थरथरायला लागल्या. अँप्लिफायरला पाठ लावून म्हातारा झालेला मिक, त्याने दोन्ही कानांत बोटं घातली.

"हे काय वाजवतायत?"

"वाजवत कुणीच नाही," मी म्हटलं. "एक पोरगा बटण दाबतो."

मी मेलबर्नला आले होते तेव्हा बाबांनी मला त्यांच्या कार्यक्रमाला नेलं होतं, आठवतं? चिकट गालिचा, कानात मेणाचे बोळे, आणि पुढे माणसं एकमेकांवर आदळत होती. मला वाटलं, दंगल आहे. मग एक जण पडला तर चार हातांनी त्याला उचलून उभा केला आणि पुन्हा नाच सुरू. आपल्या चौकात पडलेल्याला उचलण्याआधी त्याचा व्हिडिओ काढतात. मला मोठ्या आवाजाचा तिटकारा नाही, हे सांगण्यासाठी हे लिहिलं. दवाखान्याच्या दारात छाती दडपून टाकणारा आवाज, आणि तो का तर कुणाची तरी जन्मतारीख आली म्हणून, त्याचा तिटकारा आहे.

त्या संध्याकाळी अण्णा जेवायला आला. अण्णा माझा धाकटा भाऊ, तुमच्या आईचा मामा. चौसाळ्याला शेती आहे, आणि शेतीपेक्षा जास्त राजकारण आहे. जिल्हा परिषदेचं तिकीट मिळावं म्हणून तो किती वर्षं कुणाकुणाच्या मागे फिरतो आहे. मी येसर आमटी, भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं होतं. शॅरनने आमटी प्यायला वाटी तोंडाला लावली ती खाली ठेवलीच नाही.

अण्णाने बाबांना विचारलं आणि मी भाषांतर केलं. "जावईबापू, तुमचा बँड किती फेमस हाय?"

"अजिबात नाही," बाबा म्हणाले.

अण्णा खूश झाला. "बघ अक्का, मोठी माणसं असंच म्हणत्यात."

मग त्याने मुद्दा काढला. परवा चौसाळ्याला या. सत्कार करतो, नारळ, शाल, फेटा. स्टेज आहे, जनरेटर आहे, दोन गाणी वाजवा, गावातली पोरं खूश होतील.

बाबांनी विचारलं, "कार्यक्रम कुणाचा?" हा प्रश्न ते कुठेही जाण्याआधी विचारतात. पब असो की लग्न.

अण्णा म्हणाला, "गावाचा."

मी तसंच इंग्रजीत सांगितलं. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. हो, हो, हो. मिकचं हो सगळ्यात आधी आलं.

नेकनूर

दुसऱ्या दिवशी मांजरसुंब्याचा घाट चढून डावीकडे नेकनूरच्या रस्त्याला लागलो. खरं तर ते यासाठीच आले होते. लग्नानंतर बाबा पहिल्यांदा बीडला आले होते तेव्हा इकडच्या एका धनगर वस्तीवरचा ढोल त्यांनी लांबून ऐकला होता आणि तो त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता. त्या दिवशी वस्तीच्या देवाचा दिवस होता. एरवी ढोल खाली निघत नाही.

ज्वारी हुरड्यावर आली होती. शेणीच्या आरावर कणसं भाजून एक म्हातारी हातावर मळून देत होती, बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. मिकने पहिला घास कोंड्यासकट खाल्ला आणि खोकत सुटला.

"फुकून खा की, लेकरा!" म्हातारी ओरडली. लेकरू साठीचं होतं.

मग तिचं लक्ष शॅरनकडे गेलं. "ह्या बाई काय करत्यात?"

"गाडी चालवतात. रुळावरची, मोठी."

"आन नवरा?"

"नवरा नाही."

म्हातारीने शॅरनला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "लई बरं हाय," ती म्हणाली आणि सगळ्यात चांगलं कणीस शॅरनसाठी आरात खुपसलं.

दुपार कलल्यावर मंदिरापुढे ढोल निघाले. मी लिहून सांगू शकत नाही, पण प्रयत्न करते. डीजे अंगावर येतो, ढोल जमिनीतून पायात येतो. माणसं गोल धरून वाजवतात आणि वाजवता वाजवता रिंगण फिरतं. मेंढ्या वाघुरात, जाळीच्या कुंपणात, शांत उभ्या होत्या, जणू त्यांना पाठ होतं. म्हाळाप्पा म्हणून वस्तीतले वडीलधारे आहेत, पांढऱ्या मिशा, डोक्याला पटका. त्यांनी बाबांना खुणेने बोलावून एक ढोल गळ्यात अडकवला.

बाबांनी काही वेळ छान वाजवलं. मग रिंगण फिरायला लागलं आणि ते एकटेच पुढे गेले. ढोल एकीकडे, जावई दुसरीकडे.

"जावई, कुठं निगाले?" म्हाळाप्पा ओरडले. "देव हितंच हाय! लई घाई करता तुमी!"

सगळी वस्ती हसली. बाबाही हसले, पुन्हा शिरले, पुन्हा चुकले. शेवटी शेवटी जमलं असावं, कारण कुणी हसलं नाही. शर्ट पिळून काढावा इतका घाम आणि चेहरा असा, जसा तुम्ही दोघं जन्मलात तेव्हाच्या फोटोत आहे.

निघताना म्हाळाप्पांनी विचारलं, "उद्या चौसाळ्याला हायसा म्हणं?" मी हो म्हटलं. "आमालाबी सांगावा आलता ढोल घेऊन या म्हणून. आमी न्हाई म्हणलं. देवाचा ढोल त्यो." मला वाटलं, गावच्या कार्यक्रमालाही जात नाहीत, कर्मठ माणसं आहेत. मी पुढे काही विचारलं नाही.

चौसाळा

आता रागाचा भाग.

चौसाळा हमरस्त्यावरचं मोठं गाव आहे. आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. रस्त्यालगतच्या मैदानात स्टेज, खुर्च्या, जनरेटर आणि दोन-तीनशे तरी माणसं. क्रूझर थांबली तशी अण्णाची बायको सुमन पुढे आली आणि माझा हात धरला. "अक्का, आदी घरी चला. चहा टाकलाय." ही आपल्याकडची रीत. पुरुषांचा सत्कार बाहेर, बायकांचा चहा आत. शॅरनला कुणी आत नेलं नाही. गोरी आहे म्हणून त्या दिवसापुरती तिची गणना पुरुषांत झाली. सबंध मैदानात इंग्रजी आणि मराठी दोन्ही नीट येणारी मी एकटी होते, आणि मला आत नेऊन पोहे खायला बसवलं. याचं मला वाईट वाटत नाही. संताप येतो.

मी बाहेर आले तेव्हा फेटे बांधून झाले होते. तिघं स्टेजसमोर उभे राहून फोटो काढून घेत होते आणि शॅरन लहान मुलीसारखी मला हाका मारत होती.

"हे पाहा! यांनी आमचं पोस्टर केलंय!"

मी वर पाहिलं. स्टेजच्या मागे फ्लेक्स होता. मधोमध हात जोडलेला एक माणूस, मी त्याचं नाव लिहिणार नाही, त्याचं नाव आधीच फार ठिकाणी छापलेलं आहे. आपण त्याला पुढारी म्हणू. वर वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा. डाव्या अंगाला इंटरनेटवरून काढलेला बँडचा जुना फोटो, आणि त्याखाली लाल अक्षरांत: "ऑस्ट्रेलियाच्या जगप्रसिद्ध रॉक बँडचा साहेबांना जाहीर पाठिंबा!" तळाला एका गोलात अण्णा.

शॅरनला वाटलं होतं, मधला माणूस हात जोडून प्रेक्षकांचं स्वागत करतो आहे. आयुष्यभर स्वतः खळ शिजवून स्वतःची पोस्टरं चिकटवणाऱ्या या माणसांना वाटलं, कुणा अनोळखी गावाने आपल्यासाठी एवढं मोठं पोस्टर केलं. तो फोटो त्यांच्या शत्रूने पसरवला नाही, लिओ. शॅरनने आनंदाने स्वतःच इंटरनेटवर टाकला. मी पोहे खात होते तेवढ्यात.

मी आधी अण्णाला गाठलं. "हे काय लिहिलंयस?"

"अक्का, तसं लिवायची पद्धत हाय."

"पाठिंबा कुणी दिला?"

"आले न्हाईत का ते? आले म्हणजे पाठिंबाच की."

"तू मला गावाचा कार्यक्रम म्हणालास."

"मग साहेब काय गावाच्या भाईरचे हायत? तू कावून चिडायलीस एवढी? जावयाचं नाव हुतंय, माजं काम हुतंय. कुणाचं काय जातंय?"

माझा भाऊ मनाने वाईट आहे असं मला म्हणता आलं असतं तर सोपं झालं असतं. त्याला खरोखरच कळत नव्हतं की कुणाचं काय जातं आहे. त्याच्या जगात नाव ही दुसऱ्याच्या फ्लेक्सवर चढवायचीच वस्तू आहे. तो स्वतःचं चढवत आला, आता आमचं चढवलं.

मी तिघांना स्टेजच्या मागे नेलं आणि फ्लेक्सवरचा शब्द न् शब्द इंग्रजीत वाचून दाखवला. शॅरनचा चेहरा कसा झाला ते लिहीत नाही.

मिक आधी बोलला. "ठीक आहे. वाईट आहे. पण बाहेर बघा. एवढी माणसं आपल्यासमोर कधी उभी होती? कधीच नाही. त्यांना त्या कापडाचं काय पडलंय? आपण त्यांच्यासाठी वाजवू."

"त्याच्याखाली?" शॅरन म्हणाली.

"मघाशी त्याच्याखालीच फोटो काढलास."

"मघाशी वाचता येत नव्हतं. आता येतं."

मिकने गिटार खांद्याला अडकवलेली होती, ती तो काढत नव्हता. त्याचं सगळं आयुष्य मला त्या क्षणी दिसलं. ओट्यांखालचं, रिकाम्या पबांमधलं. समोर शेकडो पोरं त्याची वाट पाहत होती आणि तो साठीचा झाला होता. तो लोभी नव्हता, मुलांनो. त्याची बाजूही नीट समजून घ्या.

बाबा माझ्याकडे बघत होते. "मी नाही म्हटलं तर मामांची मान खाली जाईल," ते म्हणाले. "तुमच्या घरचा मान आहे, आई."

"आमच्या घरचा मान मी बघते," मी म्हटलं. "तू तुझ्या बँडचं बघ."

मग बाबा म्हणाले, "फ्लेक्स उतरवला तर वाजवू. नाही तर नाही." शॅरनने मान हलवली. मिकने खूप वेळाने.

सांगायचं कुणी? मी स्टेजवर गेले. निवेदकाच्या हातातला माइक घेतला. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचवायचा माझा आवाज आहे, तोच लावला. मी म्हटलं, "या फ्लेक्सवर लिहिलेलं खोटं आहे. हे पाहुणे माझे जावई आणि त्यांचे सोबती आहेत. ते कुणाला पाठिंबा द्यायला आलेले नाहीत, तुमच्यासाठी वाजवायला आले आहेत. फ्लेक्स खाली घ्या, ते वाजवतील."

मग मागून एक पोरगा ओरडला, "उतरवा की बे!" दुसरा म्हणाला, "दोर सोडा बे, वाजू द्या!" खुर्च्या सरकल्या. काही पोरं दोराकडे निघालीसुद्धा. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला एक कार्यकर्ता माझ्याजवळ आला. "आजी, खाली उतरा. फ्लेक्स न्हाई उतरणार. साहेबांचा चेहरा हाय त्यो."

"मग खालच्या ओळीवर कापड लावा."

"तुमी मास्तरीण हायसा, इज्जत करतो म्हणून बोलतोय." त्याने जनरेटरकडे हात केला आणि माझा माइक मेला.

त्याच क्षणी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला डीजे सुरू झाला. तो आधीपासूनच आणून ठेवलेला होता. निळे-हिरवे दिवे, छातीत ठोके. दोराजवळ पोचलेली पोरं थांबली, वळली आणि नाचायला लागली. दोन गाण्यांत आमची कुणाला आठवणही नव्हती. त्या पोरांचा मला राग नाही. त्यांना दुसरं काही वाजवून दाखवणारे तिघं तिथे उभे होते, आणि ते त्यांना ऐकू दिलं नाही, याचा आहे.

शॅरनने फेटा सोडला, नीट घडी घातली आणि शालीसकट सुमनच्या हातात दिला. सुमनने मान खाली घातली. अण्णा गाडीपर्यंत आला नाही. तो पुढारी आलाच नाही. त्याला आणखी तीन गावांत वाढदिवस होता.

आम्ही बीडला निघालो. मिकने फेटा काढला नव्हता. मांजरसुंब्याला चहाला थांबलो तेव्हा टपरीवाल्याने त्याला विचारलं, "पाव्हणं, लगीन कुणाचं?" आणि मी भाषांतर केलं नाही. मग मला म्हाळाप्पांना आलेला सांगावा आठवला. गावाचा कार्यक्रम नव्हताच, हे नेकनूरच्या वस्तीला ठाऊक होतं. त्यांना वाटलं असणार, मलाही ठाऊक आहे.

परतल्यावर

शॅरनने आपला फोटो काढून टाकला, तोवर उशीर झाला होता. पुढाऱ्याच्या लोकांनी तो उचलून स्वतःच्या पानांवर लावला. तिकडे ऑस्ट्रेलियात कुणीतरी त्या लाल ओळीचं भाषांतर केलं. ज्या पबमध्ये बँडच्या इतक्या वर्षांचा सोहळा व्हायचा होता त्याने कार्यक्रम रद्द केला. शॅरनच्या खळीवर पोस्टरं चिकटवत मोठे झालेले लोक लिहू लागले, म्हातारपणी सगळेच विकले जातात.

त्या लोकांना मला विचारायचं आहे, तुम्ही आयुष्यात शेवटचं 'नाही' कधी म्हटलं? आणि कुणासमोर? घरात बसून फोटोवर बोट टेकवणं वेगळं. पाहुणे म्हणून गेलेल्या गावात, सासुरवाडीच्या माणसांसमोर, समोर शेकडो लोक आणि खांद्याला गिटार असताना नाही म्हणणं वेगळं. मुलांनो, तुमच्या बाबांनी आणि त्या दोघांनी ते म्हटलं. मी तिथे उभी होते. शाळेतल्या त्या मुलाला हे सांग, लिओ. त्याने ऐकलं नाही तरी सांग.

मिकने मुंबईच्या विमानतळावरच सांगितलं होतं की मी थकलो. तिकडे पोचल्यावर तिघं गॅरेजमध्ये बसले. मिक म्हणाला, बंद करू. बाबाही म्हणाले, बंद करू, कारण ते खरंच दमले होते. तुमची आई दारात उभी होती, तिने मला सांगितलं. शॅरन म्हणाली, "नाही."

मिक ओरडला, "बंद करायलाही तिघांचं हो लागतं?"

"लागतं," शॅरन म्हणाली.

तो दार आपटून गेला. पुढच्या मंगळवारी सरावाला आला, दोघांकडे पाठ करून उभा राहिला आणि वाजवलं.

अण्णाला तिकीट मिळालं नाही. तो मला फोन करत नाही आणि मीही करत नाही. सुमन करते. चौसाळ्याचा तो फ्लेक्स कुणी उतरवला नाही. पावसापाण्यात फाटेल किंवा त्यावर दुसऱ्याचा वाढदिवस चढेल. पबने पुन्हा बोलावलेलं नाही. फोटो इंटरनेटवर आहे आणि तिथेच राहणार आहे.

डेंटेड बकेट मंगळवारी संध्याकाळी तुमच्याच गॅरेजमध्ये वाजवतो. मिक अजून पाठ करून उभा राहतो. तिघं येतात.

तुमची
आज्जी